दारू पिऊन गाडीतच झोपलात, तर कायदा कुठे सोडतो आणि कुठे धरतो

लग्नसराईत, ३१ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी आणि गटारीच्या आठवड्यात माझ्याकडे एकच फोन वेगवेगळ्या आवाजांत येतो. "वकीलसाहेब, मी गाडी चालवत नव्हतो हो. झोपलो होतो." मी दोनच प्रश्न विचारतो. प्यायलात कुठे? आणि गाडी उभी कुठे होती? दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर मी निम्मा निर्धास्त होतो. वेगवेगळं असेल, तर वही उघडतो.

एक प्रकरण नावगाव सोडून सांगतो. लॉनवर हळद, समोर डीजे, मागच्या अंगाला मित्रमंडळींची 'बैठक'. साडेबाराला हा गडी निघाला. नऊ-दहा किलोमीटरवर डोळे मिटायला लागले, म्हणून शहाणपणा करून त्याने गाडी एका बंद पेट्रोल पंपाच्या आवारात घेतली, सीट मागे पाडली, एसी लावला आणि घोरायला लागला. पावणेचारला काचेवर काठीची टकटक. काच खाली करत तो म्हणाला, "झोपलोय साहेब, चालवत नाहीये." हवालदार शांतपणे म्हणाला, "झोपा की. पण गाडी इथं कोणी आणली, तेवढं सांगा." त्यावर आमच्या पठ्ठ्याने दिलेलं उत्तर मी अजून विसरलेलो नाही : "मीच आणली, पण हळू आणली."

पोलिसासमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे खरं. पण लॉन आणि पंप यांच्यामध्ये टोलनाका होता आणि फास्टॅगचा मेसेज १२ वाजून ५२ मिनिटांचा होता. तो चालतो.

या लेखातलं बहुतेक सगळं त्या टोलच्या मेसेजभोवती फिरतं. आपल्याकडे झोपणं हा गुन्हा नाही. ज्या जागी तुम्ही झोपलात, ती जागा तुमच्याविरुद्ध साक्ष देते.

कलम १८५ नेमकं काय म्हणतं

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ हे 'ड्रंक अँड ड्राइव्ह'चं कलम. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना जो गाडी 'चालवतो किंवा चालवण्याचा प्रयत्न करतो', त्याला पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत. जुने दोन हजार डोक्यात असतील तर काढून टाका.

क्रियापदं दोनच आहेत, चालवणं आणि चालवण्याचा प्रयत्न करणं. 'गाडी ताब्यात असणं' हा शब्दप्रयोग इथे नाही. इंग्लंडच्या कायद्यात तो आहे आणि त्याने काय होतं ते पुढे येईल. आपल्याकडे तो नसल्यामुळे, इंजिन बंद असलेल्या, नीट उभ्या केलेल्या गाडीत कोणी टल्ली होऊन झोपला असेल, तर तेवढ्यावरून कलम १८५ लागत नाही. ही पळवाट नव्हे, कायद्याची भाषाच तशी आहे.

मग लोक अडकतात कसे? पहिलं कारण वर आलंच : झोपायच्या आधी गाडी चालवलेली असते. दुसरं कारण 'प्रयत्न' हा शब्द. त्याची व्याख्या या कायद्यात दिलेली नाही, त्यामुळे कोर्ट परिस्थिती बघतं. इंजिन चालू, दिवे लागलेले, सीट सरळ, बेल्ट लावलेला, पाय ब्रेकवर, गाडी गिअरमध्ये असं चित्र असेल तर 'मी फक्त बसलो होतो' हे पटवणं जड जातं. सीट आडवी, पायांतले बूट काढलेले, किल्ली भलतीकडेच, असं असेल तर सरकारी वकिलाला घाम फुटतो.

आणि आता एक कलम, जे वकीलमंडळींनाही पटकन आठवत नाही : १२६. सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची असेल, तर एकतर ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद करून, ब्रेक लावून गाडी आपोआप हलणार नाही याची व्यवस्था केलेली हवी. आता एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्याची गंमत बघा. तो पुढच्या सीटवर असला तर 'प्रयत्ना'चा संशय. 'मी मागे झोपतो, म्हणजे ड्रायव्हर ठरणार नाही' असा विचार करून मागे गेला, तर कलम १२६ चा भंग. ते प्रकरण पाचशे रुपयांच्या दंडाचं, पण पोलिसाला गाडीत हात घालायला कारण मिळालं ते मिळालंच. दोन्हींतून सुटणारी एकच अवस्था उरते, इंजिन बंद.

बाकीची कलमं, भरभर

भर रस्त्यात वा वळणावर गाडी उभी केली, तर धोकादायक स्थितीत वाहन उभं केल्याचं कलम १२२ आहे. वाहतुकीला अडथळा झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५, दंड ५,००० रुपयांपर्यंत. द्रुतगती मार्गाच्या कडेच्या पट्टीवर झोपणं तर कायद्याआधी जिवावर बेततं. मागून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हरही पेंगत असू शकतो.

न्याय संहितेचंच कलम ३५५ दारू पिऊन सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असं वागणाऱ्यासाठी आहे. २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. गाडीत गप झोपलेल्या माणसाचा कोणाला त्रास? पण मध्यरात्री लघवीला उतरून कोणाच्या तरी कंपाउंडवर जाणं आणि वर "तुला माहीत नाही मी कोण आहे" म्हणणं, हे या कलमात बरोब्बर बसतं.

महाराष्ट्रात याशिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्याचं कलम ८५ रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी नशेत स्वतःवर ताबा नसलेल्याला आणि धिंगाणा घालणाऱ्याला लागतं. गाडी आतून बंद आहे म्हणून ती खासगी खोली होते, या भरवशावर राहू नका. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या दारूबंदीच्या एका प्रकरणात, सत्विंदर सिंग सलुजा यांच्या खटल्यात, सार्वजनिक रस्त्यावरच्या खासगी गाडीपर्यंत जनता पोहोचूच शकत नाही असं म्हणता येणार नाही, असं सांगितलं. तो निकाल बिहारच्या कायद्यातल्या व्याख्येवरचा आहे हे खरं, पण तुमच्यासमोर तो टाकला जाणार नाही असं नाही. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. तिथे रात्र काढायची असेल तर मामला मुळातच वेगळा आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, त्यामुळे जुन्या माहितीवर वाद घालू नका.

सीमा ओलांडली की

नातेवाईक आणि मुलंबाळं परदेशात असतात, म्हणून हा भाग. आणि तिथे जाऊन 'आमच्याकडे झोपलेल्याला सोडतात' हा समज फार महाग पडतो.

इंग्लंडमध्ये १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम ५ खाली, मर्यादेपेक्षा जास्त प्यायलेल्या माणसाच्या ताब्यात गाडी असणं हाच गुन्हा आहे. मर्यादा ८० मिलिग्रॅम; स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून ५०. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर १० पॉइंट किंवा बंदी. बचाव आहे : नशेत असेपर्यंत मी गाडी चालवण्याची शक्यताच नव्हती, हे दाखवायचं. पण ते दाखवायची जबाबदारी आरोपीवर.

कॅनडात ड्रायव्हरच्या सीटवर सापडलात की तुम्ही गाडी 'चालवत' होतात असं गृहीत धरतात. गाडी हलवायच्या हेतूने बसलो नव्हतो, हे तुम्ही सिद्ध करायचं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१२ मध्ये बुद्रो नावाच्या माणसाचं प्रकरण आलं. फेब्रुवारीतली थंडी, प्यायलेल्या लोकांना घरी सोडणाऱ्या टॅक्सीची वाट बघत तो हीटरसाठी इंजिन चालू करून ट्रकमध्येच झोपला. धोक्याची वास्तव शक्यता नव्हती, म्हणून सुटला. पण सुटला तो सर्वोच्च न्यायालयात, हे लक्षात घ्या.

अमेरिकेत राज्यागणिक कायदा बदलतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मर्सर प्रकरणात गाडी प्रत्यक्ष हलल्याशिवाय 'चालवणं' होत नाही असं ठरवलं. तिथेही सार्वजनिक जागी नशेत असण्याचा वेगळा गुन्हा आहेच. आणि आपल्या मंडळींनी गजबजलेल्या न्यू जर्सीत 'चालवणं' या शब्दाचा अर्थ इतका रुंद घेतात, की पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर सीटवर झोपलेल्यालाही दोषी धरलेलं आहे. तिथल्या एडिसन गावातल्या दिवाळी पार्टीनंतर हीटर लावून 'जरा पडतो' म्हणणाऱ्याने हे वाचावं. व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट. या गुन्ह्यात नुसती अटक झाली, शिक्षा झाली नाही, तरी अमेरिकेचा परराष्ट्र विभाग व्हिसा रद्द करू शकतो.

आता आपल्या रात्रीकडे येऊ.

पायरी १ : पहिला ग्लास भरायच्या आधी गाडीची सोय

प्यायचं ठरलं असेल, तर गाडी शुद्धीत असताना अशा जागी लावा की जिथे ती सकाळपर्यंत राहू शकेल. लॉनचं पार्किंग, हॉटेलचं आवार, मित्राच्या सोसायटीतली पाहुण्यांची जागा. रस्त्याच्या कडेला लावायची वेळ आली तर 'नो पार्किंग'ची पाटी आणि सम-विषम तारखांचा नियम बघा. रात्री बाराला तारीख बदलते आणि बरोबर लावलेली गाडी चुकीची होते.

लावलेल्या गाडीचा एक फोटो काढा, मागे लॉनची कमान किंवा हॉटेलचा फलक येईल असा. घरच्या ग्रुपवर टाका : "गाडी इथेच लावलीय, सकाळी निघेन." फोटोला वेळ असते, मेसेजला वेळ असते. मी कोर्टात दहा पानी युक्तिवाद करण्यापेक्षा असा साडेसातचा एक मेसेज दाखवणं पसंत करेन.

पायरी २ : प्यायल्यावर गाडी दहा फूटही हलवायची नाही

इथे चांगली चांगली माणसं फसतात. रात्री अकराला वॉचमन येतो, "साहेब, जरा गाडी मागं घ्या, डीजेचा टेम्पो काढायचाय." तुम्ही उठता, बसता, मागे घेता. ते चालवणंच झालं. कलम १८५ मध्ये किती अंतर ते लिहिलेलं नाही, आणि 'सार्वजनिक जागी' असंही लिहिलेलं नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला घासली तरी प्रश्न येऊ शकतो. किल्ली न प्यायलेल्या लायसन्सवाल्याकडे द्या आणि त्यालाच मागे घ्यायला सांगा.

'इथे गोंगाट आहे, जरा पुढे शांत जागी जाऊन झोपतो' हा विचार त्याहून घातक. वरच्या पठ्ठ्याने तेच केलं. गोंगाटात झोपा.

पायरी ३ : किल्ली अंगावर ठेवू नका

सर्वांत उत्तम म्हणजे किल्ली यजमानाकडे, हॉटेलच्या काउंटरवर किंवा न पिणाऱ्या मित्राकडे. ते शक्य नसेल तर डिकीत, बॅगेच्या तळाशी. बटन दाबून चालू होणाऱ्या गाड्यांत किल्ली खिशात असली तरी गाडी तयारच असते, आणि काही गाड्यांची किल्ली आता मोबाइलमध्येच असते. कायदा 'किल्ली कुठे होती' असं विचारत नाही, पण 'प्रयत्न' होता की नाही हे ठरवताना कोर्टाला तेच जाणून घ्यायचं असतं.

एक बारीक सूचना. किल्ली बाहेर देताना मित्राने रिमोटने गाडी लॉक करून टाकली, तर आत तुम्ही कूस बदलताच काही गाड्यांचा अलार्म बोंबलायला लागतो, आणि काही मॉडेलमध्ये दार आतून उघडतही नाही. आधी करून बघा. आतून लॉक करणं बरं.

पायरी ४ : सीट, इंजिन, काच

मागच्या सीटवर झोपा. मागे सामान असेल तर ड्रायव्हरच्या शेजारची सीट पाडा. स्टिअरिंगसमोर झोपू नका. हँडब्रेक ओढलेला, इंजिन आणि दिवे बंद.

एसीचा मोह सोडाच, आणि हे फक्त कलम १२६ मुळे नव्हे. उभ्या गाडीचं इंजिन तासन् तास चालू राहिलं आणि धुराच्या नळीत गळती असली, नळीचं तोंड भिंतीला किंवा चिखलाला लागलेलं असलं, की कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नाही. शुद्धीतला माणूस डोकं दुखलं म्हणून उठेल, चार पेगवाला उठत नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये तर हा खेळ मुळीच नको. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली ठेवा. डास येतील. येऊ द्या. उलटी होईल असं वाटत असेल तर उताणं न झोपता कुशीवर झोपा.

पायरी ५ : बाटली

गाडीत प्यायचं नाही. उघडी बाटली, प्लॅस्टिकचे ग्लास, चकल्यांची पिशवी डॅशबोर्डवर मांडून झोपलेला माणूस 'मी लॉनवर प्यायलो' म्हणतो तेव्हा त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? रस्त्याकडेला गाडीत बसून पिणाऱ्यांवर दारूबंदी कायद्याखाली होणारी कारवाई हा वेगळाच, रोजचा विषय आहे.

आणि गोव्याहून येणाऱ्यांसाठी खास. डिकीत गोव्याच्या बाटल्या असतील आणि थकून तुम्ही सिंधुदुर्गात कुठेतरी गाडी लावून झोपलात, तर झोप हा किरकोळ विषय उरतो. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात बाळगणं हा दारूबंदी कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि त्यात गाडीही जप्त होऊ शकते.

पायरी ६ : काचेवर टकटक झाली की

आतला दिवा लावा. हात दिसू द्या. काच खाली करा, पण इंजिन चालू करून नव्हे. हे वाक्य दोनदा वाचा. पॉवर विंडो खाली करायला म्हणून झोपेत बटन दाबलं, इंजिन सुरू झालं, आणि पोलिसाच्या डोळ्यांदेखत 'प्रयत्न' झाला. दार उघडा, ते बरं.

उत्तरं तोकडी ठेवा. "इथेच कार्यक्रम होता, इथेच प्यायलो, गाडी संध्याकाळपासून इथेच आहे, सकाळी निघणार." खरं असेल तरच हे म्हणा. खोटं असेल तर आवारातला कॅमेरा ते पाच मिनिटांत खोटं पाडतो. त्यापेक्षा "वकिलाशी बोलून सांगतो" हे बरं. "हळू आणली" हे कधीच नको.

लायसन्स आणि कागद मागितले तर दाखवा. डिजिलॉकरमधले चालतात.

मशीनमध्ये फुंकायला सांगितलं तर? कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस, सार्वजनिक जागी गाडी चालवणाऱ्याला किंवा तसा प्रयत्न करणाऱ्याला, वाजवी संशय असेल तर श्वासाचा नमुना मागू शकतो. अपघात झालेला असेल तर त्या वेळी जो गाडी चालवत होता त्यालाही. शब्दाला शब्द लावला तर, झोपलेल्याला हे लागू नाही असा युक्तिवाद करता येतो. तो मी कोर्टात करेन. तुम्ही रात्री साडेतीनला पार्किंगमध्ये करू नका. नकार दिला आणि संशयाला कारण असलं, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि कलम २०५ मुळे तो नकारच पुढे तुमच्याविरुद्ध वापरता येतो. "मी गाडी चालवत नाहीये, तरी सहकार्य करतो" एवढं एकदा, शांतपणे म्हणा आणि फुंका. नवी, बंद पाकिटातली नळी मागा. नुकताच घोट घेतला असेल किंवा माउथवॉश वापरला असेल, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. पंधरा मिनिटांनी दुसरी चाचणी घ्या अशी विनंती करा. कायद्यातच 'एक किंवा अधिक नमुने' असं आहे. छापील स्लिप मागा, तिच्यावरची वेळ बघा, फोटो काढा.

आणि पैशांचं. कलम १८५ हा जागेवर तडजोड होणारा गुन्हा नाही. कलम २०० च्या यादीत तो नाहीच, दंड ठरवणार ते कोर्ट. त्यामुळे 'इथेच मिटवू' म्हणून जे दिलं जातं, त्याची पावती नसते आणि त्याचं नावही वेगळं असतं.

पायरी ७ : ठाण्यात नेलं तर

घड्याळ बघून ठेवा. कलम २०२ खाली, १८५ साठी वॉरंटशिवाय अटक केली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. रक्ताचा नमुना डॉक्टरच घेणार. महिला असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर दुसरी महिला हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही. शिवाय सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायला अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते.

गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे. अटकेची माहिती नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. फोन कोणाला करायचा हे आधीच ठरवा. जो लायसन्स घेऊन, शुद्धीत येईल तोच माणूस कामाचा, कारण गाडी बहुधा अशाच माणसाच्या हवाली करतात. त्याच पार्टीतल्या मित्राला बोलावलंत, तर ठाण्यात एकाचे दोन होतात. हे मी पाहिलेलं आहे.

लायसन्स जप्त केलं तर पोचपावती घ्या. कलम २०६ (४) खाली ते आरटीओकडे जातं आणि पहिल्या वेळी तुमचं म्हणणं ऐकून ३ महिन्यांसाठी अपात्र ठरवता येतं. त्या काळात गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, हे अनेकांना पुढच्या नाकाबंदीत कळतं.

कोर्टात 'कबूल करून मोकळे व्हा' असा सल्ला बाकावर शेजारी बसलेला कोणीही देईल. खरोखर गाडी चालवली असेल तर तो सल्ला वाईट नाही. पण गाडी हललीच नसेल तर घाईने कबुली देऊ नका. ती पहिला गुन्हा म्हणून नोंदली जाते आणि पुढच्या वेळी २ वर्षांचं कलम उघडतं. नुसता तोंडाचा वास, झोकांड्या आणि लालसर डोळे यावर दारूचा अंमल सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका जुन्या प्रकरणात, १९७१ च्या बचुभाई करयानी निकालात, म्हटलेलं आहे. उलट बाजूही ऐका. २०२१ च्या पर्ल बेव्हरेजेस निकालात त्याच न्यायालयाने, चाचणीचा आकडा नसतानाही परिस्थितीवरून दारूचा अंमल ठरवून विमा कंपनीला दावा नाकारू दिला. फौजदारीत सुटलात म्हणजे विमा मिळाला, असं नाही.

पायरी ८ : सकाळ, म्हणजे खरा सापळा

रात्र नियमात काढली, कोणी टकटक केली नाही. सहाला जाग आली, तोंडावर पाणी मारलं, टपरीवर कटिंग घेतला, 'उतरली' म्हणून किल्ली मागितली. माझ्या मते सर्वांत जास्त अन्याय माणूस स्वतःवर इथे करून घेतो. रात्रभर तो निर्दोष होता, आणि सकाळी साडेसहाला शुद्ध कलम १८५ मध्ये बसला.

हिशोब करू. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने अंदाजे ४० मिलिग्रॅमची भर पडते, म्हणजे एका लार्जलाच आपली ३० ची मर्यादा ओलांडते. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, एक बाटली म्हणजे दोन लार्ज. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावं. स्त्रियांमध्ये आणि कमी वजनाच्या माणसांत तेवढ्याच दारूने आकडा आणखी वर जातो.

आता उतार. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम कमी करतं. कोणाचं थोडं कमी, कोणाचं थोडं जास्त. चहा, कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तरतरी येते, आकडा हलत नाही. झोपेनेही तो लवकर उतरत नाही.

रात्री ९ ते १२ चार लार्ज घेतले, तर बेरीज होते १७० च्या आसपास, तीन तासांत ४५ उतरले, मध्यरात्री उरले १२५. तिथून ३० वर यायला सहा तासांहून जास्त लागतात, म्हणजे सकाळचे सहा वाजून वीस. हा चांगल्या यकृताचा, अचूक मापाच्या पेगचा हिशोब. लॉनच्या मागच्या बाजूला पेग मापाने भरत नाहीत. सहा लार्ज झाले असतील तर मध्यरात्री २१० आणि मर्यादेखाली यायला दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा. म्हणजे वऱ्हाड जेवायला बसेल तेव्हा तुम्ही कायदेशीरपणे गाडी चालवायच्या लायकीचे व्हाल, आणि तेव्हा कोणीतरी पुन्हा ग्लास पुढे करेल.

म्हणून किल्ली ज्याच्याकडे दिलीय त्याला रात्रीच सांगून ठेवा, की दहाच्या आत, आणि सहा लार्ज झाले असतील तर बाराच्या आत, मागायला आलो तर देऊ नको. शेवटचा ग्लास किती वाजता ठेवला ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा, सकाळी आठवत नाही. घाई असेल तर ड्रायव्हर मागवा. मोठ्या शहरांत तासावर मिळतो, गावात मंडपवाल्याला विचारलं तरी एखादा निघतो. तेही नसेल तर घरी फोन करा. धाकटा भाऊ लायसन्स घेऊन पहिल्या एसटीने निघाला की नऊपर्यंत पोचतो. तोवर तुम्ही शेजारच्या सीटवर बसून पोहे खा.